कर वर

ठराव क्रमांक अकरा: जलकर वाढवणे,
महिना साठवरून नव्वद.
हिंदीत हाच शब्द 'जळून' असाही वाचता येतो
आणि दर वर्षी सभागृहात कुणीतरी तो तसा वाचतंच.
यंदा चौरडियांची पाळी. सगळे हसले.
मी इतिवृत्तात हशा लिहीत नाही.

इंदूर संपता संपता, राऊच्या अलीकडे,
आमची नगर परिषद. चोवीस खुर्च्या,
त्यातल्या एकीचा हात मोडका,
आणि एक जुना नियम: कर वाढवायचा
तर निम्म्याहून एक जास्त पुरत नाही,
तीनांतले दोन लागतात.
कमी करायला साधं बहुमत चालतं.

हात वर करा, म्हणाले अध्यक्ष.
हातालाही करच म्हणतात संस्कृतात,
बाबांनी शिकवलं होतं, याच टेबलाशी,
ते इथले कारकून असताना.
कर वर झाले, तर कर वर होणार.

मोजले. पंधरा.
मुळ्यांचा हात कानापाशी येऊन थांबलेला;
खाजवताय की संमती, विचारावं लागलं.
संमती, म्हणाले, जरा दचकून.
विरोधात सहा.
तिघे नव्हते. एकाच्या पुतणीचं लग्न उज्जैनला,
एकजण दवाखान्यात,
आणि रईस मन्सूरी खाली, गाडीत, फोन कानाला लावून.
त्यांच्या वॉर्डात नळ नाही आणि करवाढही नको.
असा माणूस कोणत्या वेळी हात वर करील?

मग पेटलं गणित.
हजर एकवीस, तीनांतले दोन म्हणजे चौदा: मंजूर!
एकूण चोवीस, तीनांतले दोन म्हणजे सोळा: नामंजूर!
'टिल्लू मॅडम, मूळ नियम काढा.'

काढला. सत्याहत्तरचं रजिस्टर,
पुठ्ठ्यावर वाळवीने रेखलेल्या गल्ल्या.
अक्षर बाबांचं.
आधी 'उपस्थित सदस्यांच्या',
मग 'उपस्थित'वर आडवी रेघ
आणि तिच्या डोक्यावर, बारीक: एकूण.
बाजूला सही नाही.

त्याच्या आदल्या साली, रात्री साडेदहाला,
निम्मे सभासद जेवायला गेलेले असताना
घरपट्टी दुप्पट झाली होती.
कुंभारवाड्यातून जप्तीत मडकी आणली होती, ओलीसुद्धा.
बाबा हे ताटावर सांगायचे आणि घास खाली ठेवायचे.
पण ती रेघ सभेची की त्यांची,
ते कधी सांगितलं नाही.

कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात.
मी तर काहीच केलं नव्हतं,
तरी जीभ कोरडी.

दाराबाहेरच्या बाकावर रामकली दिसत होती,
सकाळपासून, मांडीवर रिकामी कॅन.
टँकरवाला तिच्याकडून आठवड्याचे दोनशे घेतो,
तिला नव्वद स्वस्त.
शेजारी पेन्शनीतले खरेकाका,
त्यांना साठही जड, हात जोडून सांगायला आलेले.
दोघं एकाच पुडीतली शेव खात होते.

मी वाचलं: एकूण.
जसं लिहिलं होतं तसं, मोठ्याने.
रेघेबद्दल कुणी विचारलं नाही.
मीही बोलले नाही.

ठराव एका हाताने पडला.
सगळे चहाला हसत बाहेर आले, म्हणून
रामकलीला वाटलं, झालं काम.
मी सांगितलं तिला, किती कमी पडले ते.
'एकच?' ती म्हणाली.
'मग मला हाक मारायची, बाई.
मी इथेच बसले होते.'

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
'संकीर्ण'मध्ये लिहिलं, मग खोडलं,
आणि खोडलेल्यावर सही केली,
तारीख घालून, पूर्ण नावाची.

संध्याकाळी पंखा बंद करायचा राहिला होता.
त्याचं बटण फार उंच, टाचा उचलाव्या लागतात.
हात वर केला.
थोडा वेळ तसाच ठेवला.